चौकातल्या देवळाबाहेर काढलेले बूट

त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यात आमची मराठ्यांची पलटण इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर लढत होती. जर्मन एकेक नदी धरून बसायचा. रेटा बसला की पूल उडवायचा आणि मागच्या नदीवर जाऊन पुन्हा ठाण मांडायचा. आम्ही त्याच्या पाठीवर. पाऊस थांबत नव्हता, चिखल गुडघ्याला लागत होता. मी आमच्या सेक्शनचा ब्रेनगनर होतो. ब्रेनगन म्हणजे हलकी मशीनगन. दहा-अकरा जणांच्या सेक्शनला ती एकच मिळते. माझा नंबर दोन होता धर्मा घरत. मॅगझिन भरून देणं आणि मी पडलो तर गन उचलणं, हे त्याचं काम.

धर्मा आमच्याकडचाच. पनवेलच्या खाडीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे त्याचं. मी चौथी झालो आणि पनवेलच्या बाजारात किराणा दुकानात लागलो, म्हणून माझे पाय नाजूक. तो मात्र चालायला लागल्यापासून मिठागरात. वर्षातले आठ महिने खाऱ्या चिखलात उभं राहून त्याचे तळवे असे झाले होते, की ट्रेनिंग सेंटरात डॉक्टरनं त्यावर टकटक करून पाहिलं. बूट त्याला सोसत नसत. पहिल्या परेडला तो कोंबडीसारखा पाय उचलून चालला आणि उस्तादानं त्याला मैदानभर पळवला. "काशा, पगार देतान तो बूट घालाचाच देतान," असं तो मला म्हणायचा. काशा म्हणजे मी, काशिनाथ.

हे मी आता का लिहितोय, तेही सांगतो. पनवेलात कुणाला कळलं की मी इटलीत होतो, की पहिला प्रश्न मडमांचा येतो. दुसरा दारूचा. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात, तिथे मास्तर कानात सांगतात, "मुलांना शौर्याचं काहीतरी सांगा." मग मी दोन बॉम्ब फोडतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि मी चहा पिऊन घरी येतो. धर्माचं तिथे सांगता येत नाही. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नाही.

त्या दिवशी पहाटे आम्हाला पेट्रोलवर पाठवलं. प्लॅटूनचे जमादारसाहेब म्हणाले, "पूल गेलाय. कंपनी दुपारपर्यंत नदी पार करेल. तुम्ही पुढे व्हा. दुश्मननं गाव सोडलंय, अशी खबर आहे. देवळासमोरचा चौक धरा आणि कंपनीची वाट पाहा."

सेक्शन कमांडर नाईक शिर्के. साताऱ्याकडचा माणूस, आफ्रिकेतून आलेला, आमच्यात वयानं मोठा. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यानं "जी साहेब" म्हटलं आणि आम्ही निघालो. बरोबर वायरलेस सेट घेऊन जाधव होता. कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडली. पाणी इतकं गार, की मांड्या आपल्या आहेत का दुसऱ्याच्या, ते कळेना.

उजाडल्यावर गावात शिरलो. गावाचं नाव माझ्या जिभेला तेव्हाही वळलं नाही. आम्ही त्याला देवळाचं गाव म्हणायचो. अरुंद बोळ, बंद दारं, वाळत टाकलेली जाळी. खारवलेल्या मासळीचा वास आला आणि धर्मा थांबलाच.

"काशा, करंजाचा वास हाय बग."

खरंच तसा होता. करंजा म्हणजे आमच्याकडचं मासळीचं बंदर. घर सोडून तिसरं वर्ष चालू होतं.

बोळ संपला आणि समोर चौक आला. सगळा दगडी फरशीचा, पावसानं चकचकीत झालेला. एका अंगाला समुद्र. समुद्राच्या अगदी कडेला ते कॅथेड्रल, म्हणजे त्यांचं मोठं देऊळ. पांढऱ्या दगडाचं, कैक शतकांपूर्वीचं. एवढं उंच, की वर बघताना माझं हेल्मेट मागे घसरलं. पुढे रुंद पायऱ्या, वर कमानीखाली मोकळी जागा, मग दार. चौकाच्या पलीकडे बंदराच्या कचेरीची पिवळी इमारत, तिच्यासमोर ओढून ठेवलेल्या होड्या. शिर्केनं दोन माणसं पाठवून पिवळी इमारत बघून घेतली. रिकामी होती.

देवळाचं दार उघडलं आणि एक म्हातारा पाद्री बाहेर आला. काळा झगा, हाडं दिसत होती. त्याच्या मागून माणसं डोकावू लागली. गावातली उरलेली सगळी माणसं आत होती. बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं. गोळ्या चालू असताना घरापेक्षा देवळाच्या भिंती जाड, म्हणून ती तिथे राहिलेली. आम्ही जर्मन नाही हे कळल्यावर एका बाईनं पाद्रीच्या मागूनच रडायला सुरुवात केली. पाद्रीनं हातानं खूण केली, आत या. आत चूल पेटलेली होती, शेंगदाण्यासारख्या कसल्यातरी दाण्यांची आमटी शिजत होती.

जाधवनं वायरलेसवर कळवलं. "हॅलो चार्ली, चार्ली टू. चौक धरला आहे. दुश्मन नाही. ओव्हर." उत्तर आलं, तिथेच थांबा.

शिर्केनं लान्स नाईक कदम आणि आणखी एकाला पायऱ्यांवर पहाऱ्याला उभं केलं. बाकीचे आम्ही दारापाशी आलो, आणि तिथे थांबलो.  सगळे शिर्केकडे बघत होतो.

शिर्के म्हणाला, "देऊळ हाय. बूट काढा."

आम्ही कमानीखाली बसून बूट काढले. ओले मोजेही काढले. घरी सवय असते तसे भिंतीशी ओळीनं लावून ठेवले. मला जागा उरली नाही, म्हणून मी माझा जोड पहिल्या पायरीच्या कडेला ठेवला. रायफली आत नेल्या, बूट बाहेर. पाद्री गडबडला. त्यानं बुटांकडे बोट दाखवलं, फरशीकडे दाखवलं, थंडी वाजल्यासारखं अंग आखडून दाखवलं, घाला घाला म्हणून. आम्हाला वाटलं, भलेपणानं म्हणतोय. त्यांच्याकडे देवळात बूट चालतात, टोपी चालत नाही. आम्ही बूट काढले आणि हेल्मेटं डोक्यावर ठेवून देवापुढे उभे राहिलो. कदमला पायरीवरून ते दिसत होतं. तो हसला.

तुम्ही म्हणाल, युद्धात असं कोण करतं? इतर पलटणीवाले नंतर आम्हाला हेच म्हणाले. एका गोऱ्या सार्जंटनं तर कपाळावर बोट फिरवून दाखवलं. पण मला सांगा, तुम्ही विठोबाच्या देवळात बूट घालून शिरला असता का? देव कुणाचा, ते बघून पायताण काढायचं नसतं. पाऊल उंबऱ्याशी आलं की हात आपोआप खाली जातो. शत्रू गेला, अशी खबर होती. ती खबर खोटी निघाली, आमचा हात नाही.

आमटी तोंडाला लावतोय तोवर मशीनगन सुटली.

जर्मन गेलेच नव्हते. एक टोळी होड्यांच्या मागच्या गोदामांत दबा धरून होती. आम्ही आत शिरल्याचं बघून ती मागच्या बाजूनं पिवळ्या इमारतीत चढली. पहिल्याच फैरीत पायरीवरचा कदम मांडीत गोळी लागून पडला. त्याच्या जोडीदारानं त्याला काखेत हात घालून आत ओढला आणि दार लोटलं. मी गन घेऊन खिडकीकडे धावलो. तेवढ्यात मॉर्टरचा बॉम्ब चौकात, भिंतीलगत फुटला.

त्या देवळाला उंच रंगीत काचांच्या खिडक्या होत्या. सगळ्या एकदम आत आल्या. तो आवाज मी सांगू शकत नाही. बायका ओरडत होत्या, मुलं ओरडत होती, आणि फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचा. जाड, शिशात बसवलेल्या, वर धार करून पडलेल्या. मी धावत होतो तो तसाच दोन पावलं पुढे गेलो. उजव्या तळव्यात काहीतरी आरपार शिरलं. खाली बघितलं तर निळी काच. उपटून काढली. रक्त थांबेना.

तेव्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की पहाऱ्यावरचे दोघे सोडून आपण सगळे अनवाणी आहोत आणि बूट बाहेर, मशीनगनच्या तोंडासमोर ओळीनं लावलेले आहेत. आत किती माणसं आहेत, हे शत्रूला मोजायचीसुद्धा गरज नव्हती. आम्हीच मांडून ठेवलं होतं.

जाधव वायरलेसवर ओरडत होता. "हॅलो चार्ली, चार्ली टू. दुश्मन पिवळ्या इमारतीत. मशीनगन, मॉर्टर. एक जखमी. गावची माणसं आत आहेत. ओव्हर."

कंपनी कमांडर स्वतः बोलले. गोरा मेजर, तुटकं हिंदुस्तानी. "चार्ली टू, कंपनी अभी नहीं आ सकता. नदी में पानी बढ़ गया. दस बजे हमारा तोपखाना पीला बिल्डिंग पर फायर करेगा. चर्च खाली करो. सब आदमी निकालो. ओव्हर."

शिर्केनं घड्याळ बघितलं. अर्धा तास होता. देवळात आणि पिवळ्या इमारतीत फक्त चौक. तोफा काही सुईत दोरा ओवत नाहीत. एखाददुसरा गोळा इकडे पडणारच, आणि छत आधीच चिरलेलं.

"रस्ता?" शिर्केनं विचारलं.

पाद्रीनं दाखवला. देवाच्या मागच्या बाजूला एक छोटं दार होतं. तिथून खाली समुद्राच्या खडकांवर पायऱ्या उतरत होत्या. खडकांवरून कडेकडेनं गेलं की बंदराबाहेरचं मिठाचं जुनं कोठार, तिथे आडोसा. गावची धडधाकट माणसं तेवढी चालू शकली असती. पण म्हातारी, आजारी, एक बाळंतीण, आणि आमचा कदम, यांना उचलून न्यायचं होतं. उचलणारे आम्ही. आधी काचा तुडवायच्या आणि मग खडक. मी दारातून खडक बघितले. आमच्याकडे असतात तशी कालवं चिकटलेली, प्रत्येक शिंप कोयत्यासारखी. आम्ही ब्लँकेट फाडून पायाला गुंडाळून पाहिलं. देवळातून दारापर्यंत जाईतो माझी चिंधी लाल झाली आणि काच आत शिरलीच. पाठीवर माणूस घेऊन त्या खडकांवर कुणी दहा पावलं टिकला नसता. गावकऱ्यांनी आपली पायताणं काढून दिली, पाद्रीनंही दिली. म्हाताऱ्या बायकांच्या लाकडी खडावा त्या, आमची पावलं त्यांत अर्धीच शिरत होती.

मला त्या वेळी भीती वाटली. नुसती मरणाची नाही. ही माणसं आपल्यामुळे इथे अडकली आहेत आणि आपण पायताणाअभावी यांना मारणार, ही. शिर्केसुद्धा देवाच्या पुढ्यात उभा राहून नुसता ओठ चावत होता.

धर्मा एकटा काचांवरून चालत होता. सावकाश, पाऊल सपाट टाकत, मिठागराच्या बांधावरून चालावं तसा. तो दाराशी गेला, फटीतून बाहेर बघितलं आणि परत आला.

"नाईकसाब, बूट वढून आनतां."

"कसं?"

देवापुढे उंचावरच्या मेणबत्त्या विझवायची एक लांब काठी होती. धर्मानं ती घेतली. गुडघे टेकायच्या बाकाची एक छोटी फळी उपटली आणि आपल्या पट्ट्यानं काठीच्या टोकाला आडवी बांधली. मी बघताक्षणी ओळखलं. मिठागरात मीठ जमलं की बांधावर उभं राहून अशाच लांब दांड्याच्या फळीनं कडेला ओढतात. पाण्यात पाय न टाकता, न सांडता, एका लयीत. धर्मा ते काम बापाच्या हाताखाली शिकला होता.

तो दाराच्या उंबऱ्याआड पोटावर झोपला. मी काच झाडून खिडकीच्या दगडावर गन टेकवली आणि पिवळ्या इमारतीवर फायर सुरू केला. जखमी पायावर उभं राहता येईना, म्हणून गुडघा टेकला. माझ्या फैरीला त्यांची मान खाली जायची, तेवढ्यात धर्माची काठी बाहेर जायची. फळी बुटांमागे टेकायची आणि बूट घासत आत यायचे. एक जोड. दुसरा जोड. शिर्के ते मागे फेकत होता, आमची पोरं पायात घालून माणसं पाठीवर घेत होती. कदमला सगळ्यांत आधी नेला. बाळंतिणीला तिच्या गादीसकट नेली. पाद्री दारात उभा राहून एकेकाला खाली सोडत होता.

शत्रूच्या लक्षात आलं. गोळ्या दाराच्या चौकटीवर बसू लागल्या. काठीला एक लागली, तिचं टोक फुटलं. धर्मानं दुसऱ्या टोकाला फळी बांधली आणि काम पुढे चालू ठेवलं. भिंतीजवळचे सगळे बूट आत आले. कदम बुटासकट खाली गेला होता, आणि धर्माचे बूट माझ्या पायात शिरत नव्हते. राहिला माझा जोड. स्फोटानं तो गडगडत दोन पायऱ्या खाली गेला होता. काठी पोचेना.

देऊळ जवळजवळ रिकामं झालं होतं. शिर्के, जाधव, धर्मा, मी आणि कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या.

"ऱ्हाऊ दे," शिर्के म्हणाला. "चला."

मी उठलो आणि पडलो. पाय धरत नव्हता. मी म्हणालो, "मी येतो तसाच." धर्मानं माझ्या पायाकडे बघितलं. तिथे फरशीवर थारोळं झालं होतं.

"तसा कुठं जातंस? तुला उचलला तं या म्हातारीला कोन उचलंल?"

"धर्मा, नको."

"गन चालव," तो म्हणाला.

आणि तो दार ढकलून बाहेर पडला. मी गन चालवली. आहे नाही ते सगळं मॅगझिन ओतलं. तो वाकून दोन पायऱ्या उतरला, अनवाणी, बूट उचलले, वळला आणि आत फेकले. पहिला माझ्या जवळ पडला, दुसरा दारात. माझं मॅगझिन संपलं. नवं भरून देणारा बाहेर होता. तेवढ्यात त्यांची फैर आली आणि धर्मा पायरीवर पालथा पडला.

मी दाराकडे सरपटलो. त्याचा हात हलत होता. मी बघितलं. दगडावर पंजा उघडत होता, मिटत होता. शिर्केनं माझी कॉलर धरून मला मागे ओढला.

"बूट घाल."

"तो जिता हाय, नाईकसाब!"

"बूट घाल. हुकूम आहे."

त्यानं जाधवकडून वायरलेसचा माइक हिसकावला. "हॅलो चार्ली, चार्ली टू. फायर रोको. पाच मिनिट. एक आदमी बाहर है. ओव्हर."

"चार्ली टू, नॉट पॉसिबल. पूरा तोपखाना लगा है. निकलो. अभी निकलो. आउट."

मी बूट घातले. रडत घातले, शिव्या देत घातले. उजव्या बुटात रक्त पचपचलं. शिर्के दाराच्या फटीशी पडून बाहेर बघत राहिला. मग उठला.

"गेला," तो म्हणाला.

खरं सांगितलं की मला हलवण्यासाठी सांगितलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढे दीड वर्ष आम्ही एकत्र होतो, एका ताटात जेवलो. विचारायला माझी छाती झाली नाही. मी एका म्हातारीला पाठीवर घेतली, त्यानं दुसरीला. कालवांच्या खडकांवरून आम्ही चाललो. ती म्हातारी माझ्या कानाशी सारखी काहीतरी पुटपुटत होती. आम्ही कोठाराच्या भिंतीआड पोचलो आणि पहिला गोळा आला.

दुपारी कंपनीनं नदी पार केली. जर्मन खरोखरच गेले होते. देवळाचं अर्धं छत खाली आलं होतं, आम्ही जिथे उभे होतो तिथेच. गावचं एकही माणूस दगावलं नाही. धर्मा तिथेच पायरीवर होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, गोळी मानेत लागली, जागच्या जागी गेला असेल.  मी तो हात बघितला होता.

संध्याकाळी पलटणीला पुढे निघायचं होतं. जमादारसाहेब म्हणाले, "लाकूड नाही. दफन करावं लागेल."

लाकूड खरंच नव्हतं. जर्मनांनी जाताना झाडं तोडून रस्त्यात आडवी टाकली होती, त्यांत सुरुंग पेरले होते. गावात तर चुलीला काटकी नव्हती. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, तो मातीत जायचा नाही. त्याच्या आईला मी काय सांगू?" जमादारसाहेब रागावले नाहीत. शिर्के पुढे झाला, सलाम केला आणि म्हणाला, "दोन तास द्या, साहेब." त्यांनी दिले.

शिर्के पाद्रीकडे गेला. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. त्यानं धर्माकडे बोट दाखवलं, मग काडी पेटवून दाखवली, मग आकाशाकडे हात केला.  त्यांच्या धर्मात जाळत नाहीत. आमचं हे बघून तो तोंड फिरवेल, असं मला वाटलं. तो देवळात गेला. थोड्या वेळानं आतून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. म्हातारा देवळाचा बाक एकटाच ओढत आणत होता.

आमच्याकडे, खाडीच्या गावांत, माणूस गेला की सरणाचं लाकूड विकत आणत नाहीत. प्रत्येक घरातून एक येतं. कुणी मागायला जात नाही. भांडण असो, बोलणं बंद असो, लाकूड येतं. हे त्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. पण चौकाच्या चारी बाजूंच्या बोळांतून माणसं येऊ लागली. कुणी खुर्ची आणली. कुणी खिडकीचं दार बिजागरीसकट. एका कोळ्यानं वल्हं आणलं. मी पाठीवर आणलेल्या म्हातारीनं पोळ्या लाटायचं पोळपाटासारखं काहीतरी आणलं आणि दोन्ही हातांनी ठेवलं. त्या थंडीत ती लाकडं त्यांच्या घरची अखेरची होती. ती दिली म्हणजे रात्री पोरांना गारठ्यात झोपवायचं. तरी देत होती.

देवळासमोरच, दगडी चौकात, सरण रचलं. गावाकडचा म्हणून अग्नी मी दिला. माणसं टोप्या काढून उभी होती. पाद्री त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता. शिर्के रामनाम घेत होता.  मला फक्त राग येत होता. खबर देणाऱ्याचा, मेजरचा, त्या नदीचा, धर्माचाही. पलटण निघाली तेव्हा अजून आग होती. शिर्केनं मला आणि जाधवला मागे ठेवलं. सकाळी राख गोळा करून आम्ही देवळामागच्या समुद्रात सोडली. समुद्र सगळीकडे एकच, असं लोक म्हणतात. मला तो परका वाटला.

सेहेचाळीस साली पलटणीतून सुटलो. पनवेलला उतरल्यावर घरी न जाता मी आधी खाडी ओलांडली. धर्माची आय ओटीवर सुकट निवडत बसली होती. तार तिला कधीच पोचली होती. मला बघून ती उठली, पाणी दिलं, आणि म्हणाली, "बस. कसा जेला तां सांग."

कसा गेला, ते मी सांगितलं. काही गाळलं नाही. ती सुकट निवडत राहिली.

"बूट कोनाचं व्हतं?"

"माजं, आये."

तिचा हात थांबला. ती मला मारील, असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मानसां निंगाली क त्या म्हातारीला घेऊन?"

"निंगाली. सगली निंगाली."

तिनं सुकट पुन्हा निवडायला घेतली. मग म्हणाली, "लाकरां कोनी दिली?"

"गावानं. घराघरातून आली."

"न मांगता?"

"न मांगता, आये."

ती आता रडली. तोवर रडली नव्हती. डोळे पुसून तिनं माझ्याकडे बघितलं आणि खऱ्याच काळजीनं विचारलं, "मंग त्यांच्याकरं कोनी जेला तं आपलं लाकूर कसां पोचंल र?"

 त्यानंतर मी दर दिवाळीला तिच्याकडे जात राहिलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

काही वर्षांनी धर्माची आय गेली. निरोप आला तसा मी होडीनं पलीकडे गेलो. खांद्यावर दोन लाकडं होती. घरटी एकच न्यायचं, हा रिवाज सगळ्यांना माहीत. तिच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काशिनाथ, दोन क?"

"एक आमच्या घरचां," मी म्हणालो. "दुसरां इटलीचां."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं दोन्ही लाकडं माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली. "धर्माला लाकरां दिली त्या गावचां हाय, आंगावर ठेवा," असं दुसरं लाकूड पुढे करत तो सरण रचणाऱ्यांना म्हणाला, आणि त्यांनी ते तिच्या छातीपाशी लावलं.